चोविसावी सही

सोमवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मला सांगण्यात आलं की, मी माझ्या मुलीचा बाप नाही. सांगणाऱ्या बाई प्रवेश केंद्राच्या चार नंबरच्या खिडकीत बसल्या होत्या आणि त्यांचा आवाज अतिशय सभ्य होता.

"संमतिपत्रावरची पालकाची सही जुळत नाही," त्या म्हणाल्या.

"कशाशी?"

"शाळेच्या दप्तरातून आलेल्या पालकाच्या सहीशी."

"अहो, पण मीच पालक आहे."

"असाल. सही नाही."

इथे माझी थोडी ओळख करून द्यायला हवी, म्हणजे जखम किती खोल गेली ते लक्षात येईल. मी पाणीपुरवठा कार्यालयात मीटर विभागाचा मुख्य कारकून. माझ्या सहीशिवाय आमच्या गावात एकाही नळाला मीटर बसत नाही, बसलेलं निघत नाही, आणि बंद पडलेलं मीटर बंद पडलं आहे असं कोणी मानत नाही. दिवसाला दोनशे सह्या, अशी एकतीस वर्षं. नोकरीला लागलो तेव्हा माझी सही म्हणजे बघत राहावं अशी चीज होती. आडनावासकट पूर्ण नाव, वर वेलांट्या, खाली रेघ. मग कामाचा रेटा वाढला तसं आधी आडनाव गळालं, मग वेलांट्या गेल्या, मग अक्षरंच गेली. आता कागदावर एक अळी उरली आहे. पण त्या अळीला वजन आहे. ती ज्या कागदावर चढते तो कागद पुढच्या टेबलावर जातो.

आणि ही अळी चार नंबरच्या खिडकीनं झटकून टाकली होती.

"बरं, मला तो नमुना दाखवा," मी समजूतदारपणे म्हणालो. "बघून तशी करून देतो."

"तुम्हाला दाखवला तर तुम्ही बघून तशी कराल."

"हो, तेच म्हणतोय."

"मग ती खरी कशी? नमुना गोपनीय असतो."

"माझ्यापासून?"

"तुम्ही तुम्ही आहात हे ठरेपर्यंत, तुमच्यापासूनसुद्धा."

खरं तर मला संताप यायला हवा होता. पण इतका गुळगुळीत नकार ऐकायला भाग्य लागतं. आमच्या विभागात असा नकार द्यायला माणसाची दहा वर्षं जातात. मी मनातल्या मनात बाईंना बढती देऊन टाकली आणि पुढचं विचारलं. त्यांनी नियम सांगितला. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत पालकानं यायचं आणि त्यांच्यासमोर तीन सह्या करायच्या. तीनपैकी एक जुळली तरी पुरे. एकही जुळली नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला.

जागा होती भूगर्भशास्त्राची. महाविद्यालय आमच्या गावापासून दोन दिवसांच्या प्रवासावर. उमेदवार म्हणजे आमची मुंगी.

मुंगी हे नाव तिला दीड वर्षाची असताना पडलं. आता ती माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे, पण नाव काही वाढलं नाही. तिनं हिशेबशास्त्र घ्यावं, गावातल्याच एखाद्या कचेरीत पंख्याखालची खुर्ची धरावी आणि संध्याकाळी सहाला घरी यावं, अशी माझी साधी योजना होती. तिनं दगड घेतले. तिनं मला सांगितलं तेव्हा मी विचारलं, "दगडांत शिकण्यासारखं काय असतं?" ती म्हणाली, "सगळं, बाबा." एवढ्यावर चर्चा संपली. मग तिनं संमतिपत्र माझ्यासमोर ठेवलं. मी म्हणालो, विचार करतो. ते मी रेडिओखाली ठेवलं आणि अकरा दिवस विचार केला. म्हणजे अकरा दिवस रेडिओ ऐकला. दोन दिवसांचा प्रवास, हातात हातोडा घेऊन डोंगर चढणारी पोर, आजारी पडली तर उशाशी कोण, हे सगळं बातम्यांच्या मध्ये मध्ये डोक्यात येत होतं. बाराव्या दिवशी मी कागद काढला, ताठ बसलो, नव्या पेनानं सही केली. आयुष्यात इतकी जड अळी मी काढली नव्हती.

आता ती परत आली होती.

घरी येऊन सांगितलं तर बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "सही जुळत नाही म्हणे," मी म्हणालो. "प्रवेश केंद्रातल्या बाई म्हणतात, मी हिचा पालक नाही."

"बाईंनी कागद बघून सांगितलं असेल," ती म्हणाली आणि पुढची चादर उचलली.

मुंगीनं मात्र मान वर केली. मग हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही मुद्दाम वेगळी केलीत?"

"काय?"

"शाळेच्या दप्तरात तुमचीच सही असणार. पहिलीत नाव घातलं तेव्हाची. तुमची सही तुमच्याच सहीशी जुळत नाही, असं कसं होईल? अकरा दिवस कागद ठेवून घेतलात. नाही म्हणायचं होतं तर सरळ नाही म्हणायचं होतं."

"अगं, मी कशाला मुद्दाम..."

"जाऊ द्या." ती उठली आणि आत गेली. दार आपटलं असतं तर बरं झालं असतं. तिनं ते अगदी हलकं लावलं.

मी बायकोकडे बघितलं. ती चादरीकडे बघत होती. एकतीस वर्षांत माझ्यावर मीटर अडवल्याचे, फिरवल्याचे, हरवल्याचे आरोप झालेत, आणि त्यातले काही बरोबरही होते. पण पोटच्या पोरीची वाट सहीनं अडवल्याचा आरोप नवा होता. खरं सांगायचं तर, त्या अकरा दिवसांपैकी निदान चार दिवस माझ्या मनात तसं काहीतरी येऊन गेलं होतं, म्हणून तो जास्तच लागला. मी ठरवलं की शुक्रवारच्या आत ती सही करून दाखवायचीच, मग हात तुटला तरी बेहत्तर. एक सही. हे काम केवढंसं?

मंगळवारी सकाळपर्यंत ही बातमी जिन्यानं वर आणि खाली दोन्हीकडे गेली होती. खालच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजरसाहेब राहतात. त्यांनी मला दाराशीच अडवलं.

"सही म्हणजे माणसाची चाल असते," ते म्हणाले. "तुम्ही पूर्वी कसे चालत होता?"

"असाच."

"नाही. आता तुम्ही पाय ओढता. म्हणून सहीही ओढलेली येते. सकाळी अर्धा तास ताठ चाला, मनगट कोमट पाण्यात बुडवा, आणि सही करताना श्वास आत घ्या. मी हजारो सह्या तपासल्या आहेत. श्वास सोडताना केलेली सही मला लांबून ओळखू येते." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण काय हो, मुलगी तर हुशार होती ना? मग दगड कसे?"

वरच्या मजल्यावर टेलरकाकू. त्यांचा उपाय जास्त थेट होता. "जुन्या सहीचा कागद आणा, खाली कार्बन घाला, वरून माझं दातेरी चाक फिरवा. ब्लाउजचा गळा असाच उतरवते मी. बापाची सही काय गळ्यापेक्षा अवघड असते?"

"काकू, जुना कागदच नाही ना मिळत."

"मग मापाशिवाय शिवताय तुम्ही," त्या म्हणाल्या. "फिटिंग कसं येणार?"

मी मनगट कोमट पाण्यात बुडवलं, ताठ चाललो, श्वास आत घेतला आणि आठवतील तेवढ्या माझ्या सह्या काढल्या. लग्नाच्या नोंदवहीतली, बँकेतली, घरभाडं करारावरची. श्वास फार आत घेतल्यामुळे एकदा ठसका लागला आणि त्या धक्क्यानं जी सही आली ती सगळ्यांत सुंदर होती, पण ती माझी कधीच नव्हती. एकूण नऊ निघाल्या. नऊ वेगवेगळ्या माणसांच्या वाटाव्यात अशा. त्यांतला कुठला मी शाळेत गेलो होतो, ते कळायला मार्ग नव्हता.

दुपारी मी कचेरीबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या प्रतिज्ञापत्रवाल्याकडे गेलो. त्यानं माझी गोष्ट निम्मी ऐकली आणि टाइपरायटरमध्ये कागद घातला. "सोपं आहे साहेब. 'मी खाली सही करणार प्रतिज्ञेवर लिहून देतो की, दोन्ही सह्या माझ्याच आहेत.' झालं काम."

"छान! करा."

"खाली दोन्ही सह्या करा."

"दुसरीच तर मला येत नाही."

त्यानं टंकन थांबवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. "येत नाही, तर ती तुमची आहे हे तुम्हाला कसं माहीत?"

मी कोऱ्या कागदाचे पैसे दिले आणि उठलो.

घरात मुंगी माझ्याशी सभ्यपणे बोलत होती. "बाबा, पंखा लावू का? बाबा, वर्तमानपत्र हवंय का?" पाहुण्याशी बोलतात तसं. तिची कपड्यांची बॅग अर्धी भरून कोपऱ्यात होती. मंगळवारी संध्याकाळी तिनं त्यातला स्वेटर काढून परत कपाटात ठेवला. मी वर्तमानपत्राच्या मागे होतो. वर्तमानपत्र उलटं होतं, ते मला नंतर बायकोनं सांगितलं.

बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मुंगीच्या शाळेत गेलो. प्रवेश केंद्रात नमुना गोपनीय असेल, पण तो गेला होता इथूनच. शाळेचे हेडक्लार्क हे माझ्याच जातीचे, म्हणजे कारकून जातीचे. मी त्यांना सगळं सांगितलं.

"आमच्याकडे गोपनीय काही नाही," ते म्हणाले. "फक्त सापडत नाही."

दीड तास आम्ही दोघं कपाटांत डोकी घालून होतो. वरच्या फळीवर एक कबूतर अंड्यांवर बसलं होतं, म्हणून त्या फळीवरची वर्षं सोडून दिली. शेवटी मुंगीची फाइल मिळाली. पहिलीच्या प्रवेशाचा अर्ज उंदरांनी खाल्ला होता. म्हणून शाळेनं केंद्राकडे प्रगतिपुस्तकांच्या प्रती पाठवल्या होत्या. वर्षाला तीन सत्रं, आणि प्रत्येक सत्राच्या प्रगतिपुस्तकावर पालकाची सही होती.

मी ती बघितली आणि माझा ऊर भरून आला. हीच ती! पहिलं अक्षर छत्रीच्या मुठीसारखं वळलेलं, पूर्ण नाव, वर वेलांट्या आणि खाली उजवीकडून डावीकडे गेलेली एक रेघ. एकामागून एक, वर्षामागून वर्ष, जरा न हलता. म्हणजे मी जगासाठी अळी काढत होतो, पण लेकीच्या प्रगतिपुस्तकावर मात्र मनापासून, सावकाश सही करत होतो! स्वतःबद्दल इतका आदर मला क्वचितच वाटला असेल.

मग माझी नजर आठवीच्या दुसऱ्या सत्रावर गेली. तारीख बघितली. त्या महिन्यात मी एका गच्चीवरचं मीटर तपासताना शिडीवरून पडलो होतो आणि माझा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता.

सही अप्रतिम होती.

मी पानं पुन्हा मागून पुढे चाळली. पाचवीच्या पहिल्या सत्रापर्यंतच्या सह्यांत थोडी घाई होती, अक्षरं गळायला लागली होती. त्या माझ्या. तिथून पुढे बारावीपर्यंत तेवीस सह्या एका साच्यातून काढल्यासारख्या. त्यातली एकही मी केली नव्हती. दर सत्राला मी विचारत असे, "प्रगतिपुस्तक आलं का गं?" आणि ती म्हणे, "आलं की. तुम्ही सही केलीत." दिवसाला दोनशे सह्या करणारा माणूस दोनशे एकावी आठवत नाही म्हणून संशय घेत नाही. मी म्हणे, "हो, हो. केली."

पण खरा धक्का पुढे होता. शिक्षकांच्या शेऱ्याखाली पालकांच्या उत्तरासाठी दोन ओळी असतात, आणि त्या ओळींत मी उत्तरं लिहिलेली होती.

सहावीत बाईंनी लिहिलं होतं, 'वर्गात खिडकीबाहेर बघत बसते. पालकांनी लक्ष द्यावे.' खाली उत्तर: 'लक्ष दिले. खिडकीबाहेर टेकडी आहे. चांगली आहे. – पालक.'

सातवीत: 'गणितात घसरण. पालकांनी समज द्यावी.' उत्तर: 'तिला वाईट वाटले आहे. तेवढे पुरे. – पालक.'

नववीत: 'दप्तरात दगड सापडले. जप्त केले आहेत.' उत्तर: 'दगड तिचे आहेत. कृपया परत द्यावेत. – पालक.'

"मिळाले का परत?" मी विचारलं.

"मिळाले म्हणजे? स्वतः मुख्याध्यापकांनी बोलावून दिले," हेडक्लार्क म्हणाले. "तुमच्याबद्दल शिक्षकांच्या खोलीत फार आदर आहे हो. 'टेकडीवाले पालक' म्हणतात तुम्हाला. असे बाप कुठे असतात हल्ली?"

मी त्यांचे आभार मानले. दुसऱ्या कुणाच्या वतीनं आभार मानताना वाटतं तसं वाटलं. बसथांब्यावर उभा राहिलो तेव्हा मला त्या माणसाचा चक्क हेवा वाटत होता. सात-आठ वर्षं तो माझ्या घरात राहत होता, माझ्या लेकीशी मोजकं आणि बरोबर बोलत होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

संध्याकाळी मी मुंगीला समोर बसवलं. शाळेनं काय पाठवलं आहे ते सांगितलं. तिचा चेहरा पांढरा पडला.

"प्रगतिपुस्तकं?" ती म्हणाली. "मला वाटलं पहिलीचा अर्ज असेल."

"तो उंदरांनी खाल्ला."

 मग एकदम, "आणि मी तुम्हाला म्हटलं, मुद्दाम केलीत," असं म्हणून तिनं ओढणीत तोंड घातलं.

"ते नंतर बघू. आधी हे सांग, का?"

"पाचवीत भूगोलात पन्नासपैकी अठ्ठेचाळीस होते. तुम्ही गेलेल्या दोन मार्कांवर सव्वा तास बोललात. माझी शाळेची बस गेली."

"सव्वा तास नाही. पाऊण."

"सव्वा!" बायको आतून म्हणाली. "तेवढ्यात माझ्या दोन बादल्या कपडे धुऊन झाले होते."

मी मान वळवली. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"घरात माणसं तीन. दोघांना माहीत होतं. बहुमत होतं." ती हात पुसत बाहेर आली. "आणि दिवसभर सह्या करून आलेल्या माणसाला घरी आणखी एक कशाला? पेन मीच आणून देत होते तिला."

"निदान मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर त्याच्यावर बोलला असतात ना," दोघी एकदम म्हणाल्या.

खोटी सही हा गुन्हा आहे, विश्वास म्हणजे काय, माझ्या टेबलावर अशा किती केसेस आल्या, अशा मुद्द्यांची एक सुरेख रांग माझ्या मनात उभी राहिली होती. मी तोंड उघडलं. पोरीनं सवयीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मी तोंड मिटलं.

आता अडचण अशी होती. खरं सांगावं तर तेवीस खोट्या सह्या उघड होणार, आणि जागा तर जाईलच, शिवाय शाळेचा दाखलाही धोक्यात. न सांगावं तर ती सही मला यायला हवी. आणि ती जगात एकाच व्यक्तीला येत होती. आपलंच नाव दुसऱ्याच्या हातून शिकून आपणच लिहिणं याला कायद्यात काय म्हणतात, हे मी कोणालाही विचारलं नाही. मॅनेजरसाहेबांना तर मुळीच नाही.

गुरुवारी कचेरीतून आल्यावर शिकवणी सुरू झाली.

"छत्री खालून नाही, बाबा, वरून काढायची. परत. पेन इतकं आवळू नका. रेघ मारताना थांबायचं नाही. थांबलात. परत."

"अगं, जमतंय की."

"हे जमलेलं आहे? ही छत्री वादळात सापडलीय. तुमच्याच नावाचं अक्षर आहे, जरा लक्ष द्या. किती वेळा तेच सांगायचं?"

असा सव्वा तास झाला. शेवटी मी म्हणालो, "माझी बस जाईल." सोमवारनंतर पहिल्यांदाच ती हसली. वहीची चार पानं भरल्यावर सही आली. झोपेत विचारलं तरी आली असती. तिथेच घात झाला.

शुक्रवारी सकाळी माझ्या सहीनं गेलेले सहा मीटर-अर्ज दुपारी दोनला माझ्याकडे परत आले. वर शेरा, 'सही जुळत नाही.' पाठोपाठ माझा त्याच दिवसाच्या अर्ध्या रजेचा अर्जही परत आला, तोच शेरा घेऊन. साहेबांनी बोलावलं. "काय हो, आज तुमच्या नावानं कोण सह्या करतंय?" मी म्हणालो, मीच. ते म्हणाले, "असं कसं? तुमची मी रोज बघतो. ती अशी वळवळते." त्यांनी हवेत बोट फिरवून दाखवलं. रजा मंजूर करून घ्यायला मला सातही कागदांवर पुन्हा अळी काढावी लागली. सात अळ्या काढल्यावर हात पुन्हा आपल्या मूळ धर्मावर आला. घड्याळात चार वाजले होते.

प्रवेश केंद्रात पोचलो तेव्हा पाचला वीस मिनिटं होती. मुंगी कठड्याच्या पलीकडे उभी होती, हाताची घडी घालून. बाईंनी तीन चौकोन आखलेला कागद सरकवला.

पहिल्या चौकोनात अळी आली. मी काही करायच्या आतच आली. बाईंनी भिंग लावून बघितलं आणि मान हलवली.

दुसऱ्या चौकोनात छत्री उघडली, छान उघडली, आणि मग तिच्या दांड्यावरून अळी खाली उतरली.

"एकच राहिली," बाई म्हणाल्या. "सावकाश करा. घाई नाही. चौदा मिनिटं आहेत."

 श्वास आत घेऊ की बाहेर, तेही सुचेना. मी मुंगीकडे बघितलं. ती माझ्या हाताकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मग मी सहीचा विचार सोडला आणि त्या टेकडीवाल्या पालकाचा विचार केला. तो इथे उभा असता तर त्यानं काय केलं असतं? कपाळाला आठ्या न घालता, कोणाला काही न समजावता, 'पोरीला जायचं आहे, तेवढं पुरे' असं म्हणून नाव लिहिलं असतं. तसं मी लिहिलं.

बाईंनी भिंग लावलं. नमुना काढला, मला दिसणार नाही असा धरला. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

"जुळली," त्या म्हणाल्या. "बघा बरं, येत होती की! उगाच इतके दिवस दुसरीच कुठलीतरी करत होता."

मग त्यांनी आमचं मूळ संमतिपत्र काढलं, अकरा दिवस रेडिओखाली राहिलेलं, आणि लाल पेनानं माझी अळी आडवी खोडली. "ही खोटी कॅन्सल करते हं."

"त्या सगळ्यांत तेवढी एकच खरी होती," माझ्या तोंडून निघून गेलं.

"काय म्हणालात?"

"काही नाही. पेन छान आहे तुमचं."

बाहेर आलो. केंद्राच्या पायऱ्यांवर मुंगी माझ्या शेजारी उतरत होती, पावती दोन्ही हातांत धरून. मला एक गोष्ट दोन दिवस सलत होती.

"एक सांग," मी म्हणालो. "तेवीस केल्यास. मग चोविसावीही करून टाकायचीस. अकरा दिवस माझ्या तोंडाकडे बघत कशाला बसलीस?"

"केली होती," ती म्हणाली. "पाचव्या दिवशी. दुसऱ्या एका फॉर्मवर. मस्त आली होती. मग फाडून टाकला."

"का?"

ती एक पायरी उतरली, मग थांबली. "त्या सहीनं मी गेले असते, बाबा. पण मला कोणी पाठवलं नसतं."

माझ्याकडे रोज दोनशे अर्ज येतात आणि प्रत्येकावर मला काही ना काही शेरा सुचतो. या वाक्यावर सुचला नाही. आम्ही तसेच बसथांब्यापर्यंत चालत गेलो. मी ताठ चालत होतो, की तसं वाटत होतं, कोण जाणे.

बस यायला वेळ होता. ती म्हणाली, "तिकडेही सत्र संपलं की प्रगतिपुस्तक देतात. मी पोस्टानं पाठवीन. सही करून परत पाठवायचं."

"कुठली करू? छत्री की अळी?"

"अळी."

"जुळायची नाही."

"तिकडे पहिल्याच दिवशी नमुना द्यायचा असतो. अळीचाच देणार आहे. तुमच्याकडून घेऊन." मग जरा विचार करून म्हणाली, "शेऱ्याखाली उत्तरही तुम्हीच लिहायचं. पण बाबा, दोनच ओळी असतात हं."

"दोनच?"

"दोनच."

मी घरी आल्यावर लगेच लिहायला बसलो. पहिला मसुदा साडेचार पानं झाला. खाडाखोड करून सध्या तो दीड पानावर आणला आहे, आणि पहिलं सत्र संपायला अजून चार महिने आहेत.